पानावर नसलेलं नाव

ओताकार होब्झा रोज सकाळी साडेसातला कामावर येत, कोट खुंटीला लावत आणि कॉफीकडे वळण्याआधी आपल्या संगणकावरची खिडकी बंद करत. मग ती पुन्हा उघडत. टेबलाच्या काचेखाली एक पिवळा पडलेला कागद होता. त्यावरच्या अकरा ओळी ते एकेक करून टाइप करत, प्रत्येकीचं उत्तर वाचत, आणि अकरावं उत्तर बरोबर आलं की मगच किटली लावत.

"इंजिनिअरसाहेबांची प्रार्थना झाली का?" रादोवान दारातून विचारायचा. रादोवान गटाचा प्रमुख, वयाने त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

"झाली. देव जागेवर आहे," होब्झा म्हणायचे.

त्याच गटात प्रोग्रामर असलेली हेदविका हे तीन वर्षं पाहत होती. ती हसत नसे. होब्झांबद्दल तिला जे वाटायचं त्याचं मूळ फार जुनं होतं. ती तेरा वर्षांची असताना यिहलावाच्या शाळेत तिने पहिल्यांदा उझेलमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या. उझेल ही शाळांसाठी बनवलेली प्रोग्रामिंगची भाषा. पडद्यावर उत्तर आलं होतं: "दुसऱ्या ओळीत कंस उघडला, तो बंद झालेला दिसत नाही. मी अजून वाट पाहतोय." इतर भाषा अशा वेळी 'अवैध' म्हणतात, 'घातक चूक' म्हणतात, किंवा नुसता एक आकडा तोंडावर फेकतात. इथे कुणीतरी वाट पाहत होतं. वर्गात हेदविका मोठ्याने हसली आणि तिला बाहेर काढण्यात आलं. कॉरिडॉरमध्ये उभं राहून ती विचार करत होती, की हे वाक्य लिहिणारा माणूस कोण असेल.

तो माणूस आता तिच्यासमोरच्या टेबलावर बसत होता. उझेलचे चारशे बारा चूक-संदेश त्यांनी लिहिले होते, आणि त्यातल्या एकातही वापरणाऱ्याला दोष नव्हता. कार्यालय ब्रनो शहरातल्या जुन्या लोकर गिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. माणसं चार, आणि भाषा वापरणाऱ्या शाळा बासष्ट.

होब्झांचं खरं काम मात्र चूक-संदेशांचं नव्हतं, खिडकीचं होतं. खिडकी म्हणजे भाषेशी बोलायची जागा. वरच्या भागात पान असतं, तिथे प्रोग्राम लिहायचा आणि तोच जतन होतो. खालच्या भागात बोलणं चालतं: एक ओळ लिहा, भाषा लगेच उत्तर देते. होब्झांनी ही खिडकी वीस वर्षांपूर्वी एकट्याने बांधली होती. हेदविकाने गेल्या चौदा महिन्यांत नवी बांधली. नव्या खिडकीत प्रोग्राम चालू असतानाच त्याचा एखादा भाग बदलता यायचा, आलेख पानाशेजारीच उमटायचा, नाव अर्धं लिहिलं की उरलेलं समोर यायचं. होब्झांनी ती दोन दिवस वापरली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली आहे." हेदविकाला तो सगळा दिवस काम सुचलं नाही.

पण निर्णय त्यांनी आपल्या मतावर सोडला नव्हता. उझेलची नवी आवृत्ती वर्षातून एकदाच, सप्टेंबरात, शाळांना जायची आणि तिच्या फाइली जूनच्या तिसऱ्या शुक्रवारी दुपारी बाराला कुलूपबंद व्हायच्या. ती वेळ हुकली की पुढचं वर्ष. होब्झांची अट एकच होती. त्रेबिचच्या शाळेत शिकवणाऱ्या पेश्लोवाबाईंनी त्यांच्यासमोर बसून नवी खिडकी वापरायची. बाई म्हणाल्या वर्गात नेईन, तर नवी. नाही म्हणाल्या, तर जुनी.

"पण त्या साठीच्या आहेत," हेदविका म्हणाली होती.

"मीही त्रेसष्टचा आहे."

"तसं नाही म्हणायचं मला..."

"कळलं मला. म्हणूनच त्या. त्यांना नवं काही आवडत नाही, आणि आवडलं नाही की त्या लपवत नाहीत."

चाचणी घ्यायची होब्झांची एक पद्धत होती आणि तिला सूट नव्हती. वापरणाऱ्याच्या मागे, डाव्या हाताला, खुर्ची टाकून बसायचं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ज्याने खिडकी बांधली त्यानेच तिथे बसायचं. होब्झा स्वतः भिंतीपाशी चौकटीची वही घेऊन बसत. वापरणारा कुठे थांबला, कुठे सुस्कारा टाकला, काय पुटपुटला हे वेळेसकट लिहीत. अशा चौदा वह्या कपाटात होत्या. माणूस "माझंच चुकलं" म्हणाला की त्या वाक्याखाली ते दोन रेघा ओढत. तीन वर्षांपूर्वी पहिल्याच आठवड्यात त्यांनी हेदविकाला सांगितलं होतं, "हे वाक्य कुणी म्हटलं की समजायचं, चूक आपली. आणि ती मोठी आहे."

मंगळवारी सव्वानऊला द्राहोमिरा पेश्लोवा आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्रेबिचच्या माध्यमिक शाळेत भूगोल आणि संगणक असे दोन विषय त्या बत्तीस वर्षं शिकवत होत्या, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे शाळेतल्या शिक्षकांनाही प्रोफेसर म्हणत. त्या दारातच थांबल्या.

"इंजिनिअरसाहेब, अजून लिफ्ट नाहीच का तुमच्याकडे?"

"आहे की, प्रोफेसरबाई. मागच्या बाजूला."

"मग दर वेळी मला जिन्याने का आणता?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही."

बाईंनी होब्झांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि मग हेदविकाकडे. "ही ती नवीन खिडकीवाली? ये बाई. बस माझ्या मागे. तुझे हात कुठे ठेवायचेत ते सांगितलंय ना यांनी?"

हेदविका बसली आणि हात मांड्यांखाली घातले.

बाईंनी वर्गातलाच धडा काढला. शाळेच्या बागेत हवामानाची पेटी होती, मुलं रोज तीनदा तापमान लिहीत. त्या आकड्यांची सरासरी काढायची आणि आलेख काढायचा. पहिल्या दहा मिनिटांत त्या तीनदा थांबल्या. नंतर थांबेनाशा झाल्या. आलेख पानाशेजारी उमटला तेव्हा म्हणाल्या, "अगं बाई." एक आकडा बदलला, आलेखाची रेघ तिथल्या तिथे वाकली. त्यांनी तो आकडा पुन्हा बदलला. मग काही कारण नसताना आणखी एकदा. भिंतीपाशी होब्झांचं पेन हललंच नाही. हेदविकाला हातांना मुंग्या येत होत्या आणि तिला ते आवडत होतं.

पावणेअकराला बाईंना एक सुधारणा सुचली. सरासरी काढणाऱ्या तुकड्याला त्यांनी 'सरासरी' असंच नाव दिलं होतं. आता त्यांना दिवसाची वेगळी आणि आठवड्याची वेगळी अशा दोन हव्या होत्या. म्हणून पानावर त्यांनी 'सरासरी' पुसून 'दिवससरासरी' केलं आणि खाली 'आठवडासरासरी' नवीन लिहिलं. प्रोग्राम चालवला. चालला. आलेख आले, दोन्ही.

पानाच्या अगदी तळाशी एका ओळीत जुनं 'सरासरी' तसंच राहिलं होतं. बाईंना ते दिसलं नाही. हेदविकालाही दिसलं नाही, कारण ती आलेखांकडे बघत होती.

तेवढ्यात टेकडीवरच्या मोठ्या चर्चमधून ठोके सुरू झाले. ब्रनोत बाराचे ठोके सकाळी अकराला पडतात. पूर्वीपासून पडतात आणि इथल्या कुणाला त्याचं काही वाटत नाही. त्रेबिचच्या माणसालाही हे ठाऊक असतं. पण पेश्लोवाबाई पाचला उठून गाडीत बसल्या होत्या, आणि बत्तीस वर्षं घंटा झाली की त्यांचा हात ठरलेलं काम करत होता. बाराव्या ठोक्याला त्यांनी पान जतन केलं, खिडकी बंद केली, संगणक बंद केला आणि पर्स घेऊन उभ्या राहिल्या.

"बाई, अकरा वाजलेत," होब्झा म्हणाले.

बाईंनी मनगटावर पाहिलं. "डोक्याला माहीत आहे हो. हाताला कोण सांगणार?" त्या हसत परत बसल्या. "असू दे. चालू करते पुन्हा. शाळेत तरी काय, रोज हेच."

संगणक चालू झाला, खिडकी उघडली, पान आलं. बाईंनी प्रोग्राम चालवला.

"'सरासरी' नावाचं मला काही सापडलं नाही," खिडकी म्हणाली.

बाईंनी पुन्हा चालवला. तेच. त्या पडद्याजवळ सरकल्या. "आत्ता तर चालत होतं."

हेदविकाला एका क्षणात कळलं. बाईंनी पानावरचं नाव पुसलं होतं, पण खिडकीने ते आधी एकदा ऐकलेलं होतं. खिडकी उघडी होती तोवर तिला आठवत होतं, म्हणून प्रोग्राम चालत होता. बंद झाल्यावर ती विसरली. हेदविकाची स्वतःची खिडकी तिच्या टेबलावर ईस्टरच्या सोमवारपासून, म्हणजे आठ आठवडे, उघडी होती. ती कधी बंद करावी असं तिच्या मनातही आलं नव्हतं. त्यातल्या किती गोष्टी पानावर होत्या आणि किती नुसत्या आठवणीत, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तळाच्या ओळीत एक शब्द बदलायचा होता. हात पुढे करून तीन सेकंदांचं काम. बाईंनी वरून खाली शोधलं, खालून वर शोधलं, आणि मधल्या चांगल्या ओळी बदलायला लागल्या. आता दुसरंही मोडलं. हेदविकाने मांड्या खुर्चीवर जास्तच दाबल्या. होब्झांकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी बघितलं. ते लिहीत होते.

बावीस मिनिटं गेली. बाईंनी चष्मा काढला.

"माझंच काहीतरी चुकलं. जतन करताना चुकीचं बटण दाबलं असेल." मग त्या होब्झांकडे वळल्या. "इंजिनिअरसाहेब, हे माझ्या पोरांचंही होतं. 'बाई, काल चालत होतं.' मी म्हणते, नीट जतन करत नाही तुम्ही. झ्देन्का म्हणून एक पोरगी होती. तिने परीक्षेचं काम असं आणलं होतं. चालेना. रडून सांगत होती काल चालत होतं. मी तिला 'तीन' दिला. एक, म्हणजे सगळ्यात वरचा शेरा, मिळायला हवा होता त्या कामाला."

"कुठल्या खिडकीत?" होब्झांनी विचारलं. चाचणीत कामाबद्दल न बोलण्याचा आपला नियम त्यांनी त्या क्षणी स्वतःच मोडला.

"तुमच्याच की. तेव्हा दुसरी होती का?"

पुढे बाईंनी आपलं मत कुणी विचारायची वाट पाहिली नाही. त्या उठल्या, कोट घातला आणि हेदविकाच्या खांद्यावर हात ठेवला. "सुंदर आहे गं. पण अठ्ठावीस पोरं आणि पंचेचाळीस मिनिटं, आणि तेवढ्यात खिडकीने असं केलं तर मी काय सांगू? नको. आहे तीच ठेवा."

त्या लिफ्टने गेल्या.

रादोवान आत आला, दोघांची तोंडं पाहिली आणि परत बाहेर गेला. हेदविका म्हणाली, "तीन सेकंदांचं काम होतं."

"हो."

"मी हात काढला असता तर त्या 'हो' म्हणाल्या असत्या."

"हो," होब्झा म्हणाले. "आणि सप्टेंबरात बासष्ट शाळांत तुम्ही कुठे कुठे हात काढला असता?"

ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत, बिघडलेल्या प्रिंटरलासुद्धा. होब्झा उठून आपल्या टेबलापाशी गेले. त्यांनी जुनी खिडकी उघडली, एक नाव लिहिलं, चालवलं, पानावरून पुसलं, पुन्हा चालवलं. चाललं. त्यांनी ते चार वेळा केलं, जणू पाचव्या वेळी तरी उत्तर वेगळं येईल.

"म्हणजे जुनीही तेच करते," हेदविका त्यांच्या मागून म्हणाली.

"वीस वर्षं करतेय."

"मग तुमच्या लक्षात कसं..." ती मध्येच थांबली. तिचं लक्ष काचेखालच्या पिवळ्या कागदाकडे गेलं.

होब्झाही त्याच कागदाकडे बघत होते. "पहिल्या वर्षीच माझा असा घोळ झाला होता. दोन दिवस शोधलं. मग ठरवलं, रोज सकाळी बंद करून कोरी उघडायची. शिस्त लावून घेतली. तेव्हापासून मला एकदाही त्रास झाला नाही." त्यांनी कागद काचेखालून ओढून काढला आणि उलटा ठेवला. "खिडकी दुरुस्त करायला हवी होती. मी स्वतःला दुरुस्त केलं, आणि पोरांना गुण कमी मिळाले."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला दोष दिलेला हेदविकाने पाहिला नव्हता. आता त्यांनी वही उघडली, आज बाईंनी म्हटलेल्या वाक्याखाली दोन रेघा होत्याच, तिथे तिसरी ओढली.

"शुक्रवारी बाराला कुलूप," ते म्हणाले. "काय करता येईल?"

हेदविकाने खुर्ची ओढली. पहिला विचार सगळ्यांना येतो तोच आला: नाव पुसलं की खिडकीनेही ते लगेच विसरावं. दोघांनी तो बुधवारी दुपारपर्यंत करून पाहिला आणि सोडून दिला. माणूस एक नाव पुसून दुसरं लिहायच्या मध्येच असतो तेव्हा सगळं कोसळायचं. बाईंचे आलेख दर अक्षराला नाहीसे झाले असते. होब्झा म्हणाले, "विसरू नये. पण आठवतंय हे लपवूही नये."

त्यानंतर काम सरळ होतं, सोपं नव्हतं. पानावर नसलेलं पण खिडकीच्या आठवणीत उरलेलं प्रत्येक नाव वेगळं ओळखायचं, आणि पानावर ते जिथे वापरलंय तिथे खाली फिकट राखाडी तुटक रेघ ओढायची. हेदविकाने ते गुरुवारी दुपारी तीनपर्यंत बसवलं. तोवर होब्झा एकच वाक्य लिहीत होते. रेघेवर माउस नेला की जे दिसणार ते. त्यांनी एकोणीस वाक्यं लिहून खोडली. हेदविका त्यांच्याकडे बघत होती. नव्या खिडकीची वीस हजार ओळींची यंत्रणा तिची होती आणि हा माणूस दोन दिवस एका वाक्यावर बसला होता. आपण अजून निम्मंसुद्धा शिकलो नाही असं तिला वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

"'चेतावणी' नको," ते म्हणाले. "माणूस घाबरतो."

"'जुनं नाव'?"

"जुनं म्हणजे टाकाऊ वाटतं. त्यांना ते हवंही असेल."

शेवटी त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो वाचला आणि तसाच्या तसा टाइप केला.

पेश्लोवाबाईंना फोन होब्झांनी केला. पलीकडचं हेदविकाला ऐकू येत नव्हतं, होब्झांचं येत होतं. "नाही बाई, आग्रह नाही... हो, मंगळवारी तुम्ही नाही म्हणालात, तुमचं बरोबर होतं... नाही, झ्देन्काचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. म्हणून बोलावतोय."

शुक्रवारी नऊला बाई आल्या, लिफ्टने, घरच्या चेरींची पिशवी घेऊन. पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "आधी काम," म्हणाल्या आणि बसल्या. हेदविका मागे, हात मांड्यांखाली. होब्झा भिंतीपाशी, वही मांडीवर.

बाईंनी तोच धडा पुन्हा पहिल्यापासून लिहिला. 'सरासरी' लिहिलं, चालवलं, मग त्याचं 'दिवससरासरी' केलं. मुद्दाम केलं की सवयीने, हे कळलं नाही. पानाच्या तळाशी एका शब्दाखाली राखाडी तुटक रेघ आली. बाई थांबल्या. चष्मा नाकावर चढवला आणि रेघेवर माउस नेला.

"'सरासरी' मला आठवतंय, पण ते आता पानावर कुठेच लिहिलेलं नाही. खिडकी बंद केलीत तर मी विसरेन."

बाईंनी ते एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचलं. मग पडद्याला म्हणाल्या, "विसरशील होय? मग आधी सांगायचं ना इतकी वर्षं." त्यांनी तळाचा शब्द बदलला. रेघ गेली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही, सरळ पुढच्या ओळीवर गेल्या.

अकराला ठोके पडले. या वेळी बाईंनी बारा ठोके मोजून घेतले, पान जतन केलं आणि संगणक बंद केला. पुन्हा चालू केला. प्रोग्राम चालवला. दोन्ही आलेख आले.

"नेईन," त्या म्हणाल्या. "पण पोरांनाही असंच दिसायला हवं, आत्ता दिसलं तसं. नंतर सुधारणा म्हणून काढून टाकू नका."

"काढणार नाही," हेदविका म्हणाली. बोलायचं नव्हतं हे तिला नंतर आठवलं.

होब्झांच्या वहीचं पान कोरं होतं. त्यांनी वर तारीख लिहिली, खाली वेळ लिहिली, आणि वही मिटली. मग हेदविकाला म्हणाले, "खिडकीच्या नोंदीत नाव तुमचं टाकतोय. जुनीची देखभाल बंद."

"दोघांचं टाका."

"वाक्य माझं आहे. बाकी तुमचं. तसंच लिहितो." त्यांनी ते खरोखर तसंच लिहिलं, पावणेबाराला, आणि बारा वाजता रादोवानने फाइलींना कुलूप घातलं. निघताना बाई म्हणाल्या, की झ्देन्का आता ओलोमोउत्समध्ये असते, तिचा पत्ता शाळेत सापडेल, पत्र लिहायला हवं. चेरी सगळ्यांनी उभ्यानेच खाल्ल्या.

सोमवारी हेदविका मुद्दाम साडेसातच्या आधी आली. होब्झांच्या संगणकावर शुक्रवारची नवी खिडकी तशीच उघडी होती. पानावर काहीतरी अर्धवट लिहिलेलं होतं आणि एका शब्दाखाली राखाडी तुटक रेघ होती. काचेखालची जागा रिकामी होती.

होब्झा आले, कोट खुंटीला लावला, पडद्यासमोर उभे राहिले. उजवा हात माउसपर्यंत गेला. तिथे थोडा वेळ थांबला.

मग ते वळले आणि आधी किटली लावली.